निरोपाचं झाड

१

आमच्या खोलीत बारा महिने थंडी. टाचणीवर टोचलेल्या भुंगेऱ्यांना बुरशी लागू नये म्हणून भिंतीतलं यंत्र दिवसभर गार हवा फेकत असतं. भुंगेरे त्यामुळे शंभर शंभर वर्षं टिकतात आणि आम्ही शिंकून शिंकून हैराण. सकाळी आलं की स्वेटर चढवायचा, खण ओढायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि किड्याच्या पायाचे सांधे मोजायला लागायचं. दोन मिनिटांत आपल्याच श्वासाने भिंग धुरकट होतं. पुसा, लावा, पुन्हा पुसा. बावीस वर्षं हेच चाललंय. तू काय काम करतेस असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, काचा पुसते.

खरं काम म्हणजे कोणता जीव कोणाचा कोण लागतो ते ठरवणं. रंगरूप बघून नाही. कोणाची फांदी कुठून फुटली ते शोधायचं आणि झाड मांडायचं. आमच्या वाट्याला आलेत वारुळातले पाहुणे, म्हणजे मुंग्यांच्या वारुळात पिढ्यान्‌पिढ्या राहून मुंग्यांसारखे झालेले भुंगेरे. तीच बारीक कंबर, तीच लगबग, तोच वास. मुंग्या त्यांना भरवतात, तोंडात धरून इकडून तिकडे नेतात, आणि आपण कुणाला पोसतोय याचा त्यांना पत्ता नसतो.

या विषयात आमच्या बाईंसारखी नजर मी दुसरी पाहिली नाही. बाई आमच्या विभागाच्या प्रमुख. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, आवाज कधी चढवत नसत. एखादा भुंगेरा आम्ही आठवडाभर उलटासुलटा करून थकलेलो असायचो, आणि बाई मागून येऊन म्हणायच्या, "पोटाखाली बघितलंस का?" तिथेच उत्तर असायचं. मला हेवा वाटायचा, आणि त्याहून जास्त अभिमान वाटायचा, की या बाईने मला घडवलंय.

"मुंगी अंधारात राहते," त्या सांगायच्या. "ती चाचपून ओळखते. म्हणून पाहुणा स्पर्श हुबेहूब करतो आणि रंगाकडे काणाडोळा करतो. रंग बघतंय कोण? तेव्हा उतावळे, यजमान जिथे बघत नाही तिथे तू आधी बघ."

उतावळे म्हणजे मी. पहिल्या दिवशी पडलेलं नाव.

एकदा कुणीतरी भुंगेऱ्याला लबाड म्हणालं. तेवढीच एक वेळ मी बाईंना रागावलेलं पाहिलं. "लबाड? अरे, मुंगीला इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी पाहिलंय का? तुम्ही तरी तुमच्या बायकोला पाहिलंय का?" तो बिचारा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

आणि हो, बाईंचं भिंग कधी धुरकट होत नसे. श्वासावर ताबा आहे हो त्यांचा, असं आम्ही नव्या माणसांना कौतुकाने सांगायचो.

२

आमच्याकडे जुनी पद्धत आहे. कुणी निवृत्त होणार असलं की विभागातल्या सगळ्या माणसांचा तक्ता करायचा, भुंगेऱ्यांचा करतो तसाच. एकेका माणसाची एकेक ओळ. कानाची पाळी सुटी की चिकटलेली, जीभ वळते की नाही, अंगठा किती मागे जातो. हे सगळं प्रोग्रामला दिलं की तो झाड काढून देतो. ते चौकटीत बसवायचं आणि निरोपाच्या दिवशी हातात द्यायचं. पहारेकरी आणि हिशेबनीस एका फांदीवर निघाले होते तेव्हा दोघांच्याही बायका बघायला आल्या होत्या.

झाडाला एक परका लागतो, म्हणजे बाकी सगळ्यांपेक्षा दूरचा कुणीतरी. तो असला की कोण जवळचं, कोण लांबचं ते कळतं. आमचा परका म्हणजे दारात झोपणारं मांजर. आणि बाईंची शिस्त अशी, की परका कोण हे प्रोग्रामला सांगायचं नाही. नीट निवडला असेल तर तो आपण होऊन वेगळा पडतो. दुसरी शिस्त, न पाहिलेलं लिहायचं नाही. तिथे प्रश्नचिन्ह.

आतापर्यंत बाईंची स्वतःची ओळ कुणी लिहिली नव्हती. "मी परीक्षक," म्हणून त्या सुटायच्या. या वेळी मात्र निवृत्त होणार होत्या त्याच, आणि झाड करायचं काम माझ्याकडे होतं. मी ठरवलं, बाईंना गुपचूप तक्त्यात घालायचं आणि चकित करायचं. कुठून ही बुद्धी सुचली कोण जाणे.

संध्याकाळी नवरा न्यायला आला तेव्हा गाडीत त्याला हेच सांगत बसले होते. बाहेर कडाक्याची थंडी, काचा बंद. माझ्या बाजूची काच नेहमीसारखी धुरकट झाली.

"बघ," तो म्हणाला, "माझ्या बाजूची कशी स्वच्छ. तू फार बोलतेस ना, म्हणून होतं हे."

एकोणीस वर्षांचा जुना विनोद. दर हिवाळ्यात एकदा तरी होतोच, आणि मी दर वेळी त्याला कोपर मारते. माणूस लाखात एक. माझं डोकं दुखतंय हे त्याला मी चप्पल कशी काढते त्यावरून कळतं. मूल झालं नाही. दोघांतही काही दोष नाही असं डॉक्टर म्हणाले, मग आम्हीही तो विषय मिटवला.

३

माणसांसोबत मांजर बसवायचं तर तक्त्यात साध्या साध्या गोष्टीही घालाव्या लागतात. श्वास काचेवर उमटतो का, मानेला ठोका लागतो का, टोचलं तर रक्त येतं का, बोटांना घामाची छिद्रं आहेत का. माणसांच्या ओळीत आम्ही तिथे डोळे झाकून एक, एक, एक लिहीत जातो. एक म्हणजे आहे, शून्य म्हणजे नाही.

बाईंच्या ओळीला आले तेव्हा हात अडखळला. डोळे झाकून लिहायचं नाही हे मला शिकवलं होतं ते याच बाईंनी. निदान त्यांच्या ओळीत तरी चोरी नको म्हणून मी पाहिलेलं तेवढंच लिहिलं. श्वास काचेवर उमटतो का? पाहिलं होतं. बावीस वर्षं पाहत होते. शून्य. बाकी ठिकाणी प्रश्नचिन्हं.

प्रोग्रामने झाड दिलं. एका बाजूला आम्ही अकरा जण आणि मांजर. दुसऱ्या बाजूला, एकट्या, बाई.

मी खो खो हसले आणि गणित्याला बोलावलं. गणित्या म्हणजे आमचा आकडेमोड करणारा सहकारी, खरं नाव त्यालाही आठवत नसेल.

"मांजर आपल्यात आणि बाई बाहेर," मी म्हटलं. "मांजराला बढती मिळाली रे."

त्याने पडद्यावर नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. "अगं ए, तू भुंगेऱ्यांचा साचा लावलायस. त्यात वरून दिसणारे गुण मोजतच नाहीत. कंबर, रंग, चाल, सगळ्याला वजन शून्य. नक्कल करता येते ना त्यांची! त्यात बाईंच्या ओळीत नुसती प्रश्नचिन्हं. अशी ओळ झाडात कुठेही उडी मारते."

चूक माझीच होती. आमच्याकडे रोज तोच साचा लागतो, त्यामुळे हाताला तीच सवय. साधा साचा लावला तर बाई गुपचूप आमच्यात येऊन बसल्या, अगदी माझ्या शेजारच्या डहाळीवर. जीव भांड्यात पडला. माझ्या शेजारी म्हटल्यावर आनंद तर इतका झाला की मी गणित्याला चहा पाजला.

पण जेवताना मनात आलं, प्रश्नचिन्हं भरून टाकली की संपलं. इतका काय प्रश्न आहे त्यात? पुन्हा भुंगेऱ्यांचाच साचा लावू आणि बाई तिथेही आमच्यातच दिसतील, म्हणजे डोक्यातला किडा जाईल.

४

मी विणलेला मफलर दुसऱ्या दिवशी बाईंना दिला. "इकडे या, मी बांधते," म्हणत गाठ मारली आणि दोन बोटं मानेवर जरा जास्त वेळ ठेवली. मान कोमट होती. ठोका लागला नाही. मग मफलर सरळ करण्याच्या निमित्ताने दुसऱ्या बाजूला बोटं ठेवली. तिथेही नाही.

म्हातारपणी नाडी मंद होते, मी स्वतःला समजावलं. आणि मी काय डॉक्टर आहे? संध्याकाळी खण हातात देताना मनगट धरलं, तर तिथे ठोका होता. अगदी ठणठणीत, घड्याळासारखा. माणसं तपासतात ती मनगटच, हे मला घरी जाताना आठवलं.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या बोटात टाचणी घुसली. मी घुसवली नाही, देवाशपथ. खण बंद करताना त्यांचंच बोट टाचणीवर पडलं, चांगलं अर्धं पेर आत. त्यांनी ते शांतपणे उपसून काढलं आणि "आई गं" म्हणाल्या. म्हणाल्या जरा उशिरा, माझ्याकडे बघून. टाचणी कोरडी होती. तीच टाचणी पुन्हा भुंगेऱ्याला लावून त्या कामाला लागल्या.

मी दोन्ही रकाने भरले. शून्य, शून्य. बाई बाहेरच राहिल्या.

मग मला चेवच आला. परका बदलून बघू, मांजर फार जवळचं पडत असेल. भिंतीवरची पाल घातली. पाल आमच्या बाजूला आली आणि बाई बाहेर. प्रवेशद्वाराजवळच्या काचेच्या टाकीतला मासा घातला. मासासुद्धा, तो मुका, पापणी न मिटणारा मासासुद्धा आमचाच निघाला. आम्ही, मांजर, पाल आणि मासा एका बाजूला दाटीवाटीने बसलेलो, आणि पलीकडे एक लांबच लांब रेघ, तिच्या टोकाला बाई.

पुढे भुंगेरा घालायची माझी छाती झाली नाही. मी पडदा बंद केला. यंत्राच्या घरघरीत मागून कुणाच्या पावलांचा आवाज आला नव्हता, तरी बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

"एक रकाना राहिलाय," त्या म्हणाल्या. "बोटांचा."

५

त्यांनी खुर्ची ओढली, मायक्रोस्कोपचा दिवा लावला आणि भुंगेरा ठेवतो त्या जागी स्वतःची तर्जनी ठेवली. "बघ," म्हणाल्या. माझी मान वाकली ती बावीस वर्षांच्या सवयीने. त्या बघ म्हणाल्या की मी बघते.

रेघा होत्या. माणसाच्या बोटाला असतात तशाच वळत गेलेल्या, इतक्या सुबक की असं बोट मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण रेघेच्या माथ्यावर ओळीने बारीक छिद्रं असतात, घाम येतो ती, ती नव्हती. भिंग मोठं केलं. रेघांमध्ये आणखी बारीक रेघा होत्या आणि त्यांच्यातही रेघा होत्या. छिद्र एकही नव्हतं.

"काय लिहिशील?"

"शून्य," मी म्हटलं.

"कशी असतात ती? दूर दूर की जवळ जवळ? तुझं बोट दाखव जरा."

मी दाखवलं. का दाखवलं ते विचारू नका. बाईंनी माझं बोट डोळ्याशी नेलं आणि भिंगातून खूप वेळ पाहिलं, ज्या मायेने त्या वारुळातला नवा पाहुणा बघायच्या त्याच मायेने. भिंग स्वच्छ होतं. मग म्हणाल्या, "आता पुन्हा बघ."

मी खाली पाहिलं. रेघेच्या एका टोकाला एक टिंब उमटलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग तिसरं. कुणी आतून टाचणी टोचत यावी तशी ती रेघेवरून पुढे सरकत गेली, वळणावर वळली, पुढच्या रेघेवर आली. माझ्याच बोटावर असतात तेवढ्याच अंतरावर. मी ओरडायला हवं होतं. पण खरं सांगते, माझ्या तोंडून "वा" निघालं. इतकं सुंदर काम मी कधी पाहिलं नव्हतं.

"रकान्यात आता काय लिहू?" मी विचारलं.

"पाहिलंस तेव्हा जे होतं तेच. शिस्त म्हणजे शिस्त." त्यांनी बोट काढून घेतलं. "किती वर्षं मी झाडं मांडतेय, उतावळे. नवं झाड हातात आलं की मी आधी एकच गोष्ट बघते. अजून दिसलेली नाही. स्वतःची ओळ स्वतः लिहायचा धीर होत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाची नजर तेवढी तयार नव्हती. तुझी झाली." मग त्यांनी दिवा मालवला. अंधुक खोलीत त्यांचा चेहरा फक्त थकलेल्या म्हातारीचा होता. "मला दया नको. शुक्रवारी निघायच्या आधी एवढंच सांग, त्या फांदीवर मी एकटीच आहे का?"

मला रडू आलं. आहात बाई, एकट्याच आहात, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

६

खाली गाडी उभी होती. नवरा तासभर वाट बघत बसला होता, वाचत. काचा बंद होत्या. बाहेर हात गोठत होते, शेजारच्या गाडीत दोन माणसं बसली होती आणि त्यांच्या काचांवर पांढरा पडदा धरला होता. आमच्या गाडीची काच लख्ख होती. पुस्तकाचं पान उलटलेलंसुद्धा मला रस्त्याच्या पलीकडून दिसलं.

मी आत बसले. माझ्या बाजूची काच धुरकट होऊ लागली.

"तू फार बोलतेस ना," तो म्हणाला, "म्हणून."

मी अजून तोंड उघडलं नव्हतं. आणि त्याला कोपर मारायचं मी विसरले.

काहीतरीच! मी स्वतःला झापलं. काचेच्या चिरेतून वारा येत असेल. काही माणसांचा श्वास कोरडा असतो. पण डोक्यात एकदा तक्ता शिरला की रकाने आपोआप भरत जातात. एकोणीस वर्षं रोज वस्तऱ्याने दाढी करतो, कधी कापलेलं पाहिलं? नाही. रात्री त्याच्या गळ्यात हात टाकून झोपते, कधी मानेचा ठोका लागला? मी कधी लक्षच दिलं नव्हतं. त्या रात्री दिलं.

रविवारी दुपारी तो सोफ्यावर झोपला होता, एक हात खाली लोंबत होता. माझ्या पर्समध्ये भिंग असतंच. मी जमिनीवर बसले, त्याचं बोट उचललं आणि काच पुसत पुसत पाहिलं. सुबक, वळत गेलेल्या रेघा. मी दुसरं बोट घेतलं, मग तिसरं.

"काय शोधतेस गं?" तो डोळे मिटूनच म्हणाला.

"काटा रुतलाय का बघत होते."

"मग?"

"नाही दिसत."

"बरं," तो म्हणाला आणि कूस बदलली.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात उभी राहिले. पळून जावं असं वाटलं. कुठे, ते सुचेना. मग आठवलं, आजारी असताना मी कोणत्या बाजूला वळले की मला बरं वाटतं हे त्याला माहीत आहे. खोटं हसते ते आणि खरं हसते ते त्याला शेजारच्या खोलीतून कळतं. माझ्या आईलाही हे कधी कळलं नाही. इतकं लक्ष देऊन मला कुणी पाहिलं होतं? भीती गेली नाही. पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं, आणि मी नळ बंद केला.

सोमवारी मी तक्त्यात आणखी एक ओळ घातली. नाव लिहिलं नाही. ओळख न पटलेल्या नमुन्याला आम्ही लिहितो तसं नुसतं 'ओळख बाकी'. घरचं माणूस असं तक्त्यात घालतात का? पण बाईंनी आयुष्यात माझ्याकडे ही एकच गोष्ट मागितली होती.

झाड आलं. ती लांबच लांब रेघ टोकाला दुभंगली होती. एका डहाळीवर बाई, दुसरीवर 'ओळख बाकी'.

७

शुक्रवारी निरोप झाला. भाषणं झाली, पहारेकरी रडला, गणित्याने तोच चुटका तिसऱ्यांदा सांगितला. चौकटीतलं झाड मी बाईंच्या हातात दिलं. ते साध्या साच्याचं, बाई आमच्यात, माझ्या शेजारी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी चौकट जवळ धरली आणि हळूच मला म्हणाल्या, "छान आहे. खोटं आहे."

सगळे पांगल्यावर मी त्यांना थंड खोलीत नेलं आणि घडी घातलेला कागद दिला. त्यांनी तो उलगडला. मी बाईंना हजारो झाडं बघताना पाहिलंय. त्या आधी बुंध्याकडे बघतात, मग वर येतात. या वेळी त्यांचं बोट थेट त्या लांब रेघेवर गेलं आणि टोकापर्यंत सरकत जाऊन थांबलं. यंत्र घरघरत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं क्षणभर थांबलं. दुःख नाही, आनंद नाही, पापणीसुद्धा नाही. चेहऱ्याकडे लक्ष द्यायचं कुणीतरी विसरून गेलं होतं. मी नजर वळवली.

परत पाहिलं तेव्हा त्या हसत होत्या.

"चूक नाही ना?" त्यांनी विचारलं.

"तीनदा तपासलं."

"ओळ दे."

मी चिठ्ठी दिली. शून्यं, एक, आणि न पाहिलेल्या ठिकाणी प्रश्नचिन्ह. काचेचा रकाना, मानेचा, रक्ताचा, बोटांचा. "नाव लिहिलेलं नाही बाई," मी म्हटलं. "मागू नका."

"नाव कशाला हवं? ओळीवरून ओळखता आलं नाही तर इतकी वर्षं केलं काय?" त्यांनी चिठ्ठी मफलरच्या घडीत ठेवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाल्या. "उतावळे," दारातून म्हणाल्या, "तुझ्यासारखी नजर मी दुसरी पाहिली नाही."

ज्या वाक्यासाठी मी बावीस वर्षं थांबले होते ते हे वाक्य.

मी खिडकीशी गेले. तिसऱ्या मजल्यावरून रस्ता दिसतो. बाई बाहेर पडल्या, बस थांब्याकडे वळल्या आणि थबकल्या. रस्त्यापलीकडे गाड्यांची रांग होती, सगळ्यांच्या काचा थंडीने पांढऱ्या, आणि मधली एकच गाडी लख्ख. आमची. बाई रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेल्या. काच खाली झाली. त्या वाकल्या. बोलताना दिसलं नाही कुणी. गाडीतून एक हात बाहेर आला, बाईंनी आपला हात पुढे केला, आणि दोघांनी बोटांची टोकं एकमेकांना लावली, आधी एक, मग दुसरं, मग सगळी. दोघांची डोकी एकाच वेळी, एकाच बाजूला कलली. वारुळात दोन मुंग्या समोरासमोर आल्या की हेच करतात.

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही.

८

खाली पोचले तेव्हा बाई नव्हत्या. नवऱ्याने आतून दार उघडलं. मी बसले. गाडी सुरू झाली.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. समोर बघत राहिले. चौक गेला, पूल गेला, औषधांचं दुकान गेलं. रोज मी बडबडते आणि तो ऐकतो. आज मी बोलत नव्हते, तोही बोलत नव्हता. माझ्या बाजूची काच हळूहळू धुरकट होत गेली. मी पर्समधून रुमाल काढला, ती पुसली, आणि पुसता पुसता नजर पलीकडे गेली.

त्याच्या बाजूच्या काचेवर, अगदी खाली, नाण्याएवढा एक पांढुरका डाग होता. तो मोठा झाला, मग लहान झाला. पुन्हा मोठा झाला. पहिल्यांदा जरा अडखळत, मग माझ्या श्वासाच्या तालावर, मग माझ्यापेक्षा थोडा वेगळा, स्वतःचा. घराच्या वळणापर्यंत निम्मी काच पांढरी झाली होती. काय बेमालूम जमलं होतं, पहिल्याच दिवशी! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते भीतीचं की कसलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी हात लांबवला आणि रुमालाने त्याची काच पुसून दिली.

"बघ," तो म्हणाला. त्याने प्रेमाने माझ्याकडे पाहिलं, एकोणीस वर्षं पाहतो तसंच. "आज मीही फार बोललो वाटतं."

सगळ्या रस्त्यात त्याने उच्चारलेले ते पहिलेच शब्द होते.